ती मुलगी बेफिकीर नव्हती

लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या अभ्यासिकेत तुम्ही चार-सहा महिने बसला असाल, तर ही गोष्ट तुमच्या कानावर आलेली असणार. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पास झालेली एक मुलगी होती. मुख्य परीक्षेचं तिचं केंद्र ऐनवेळी बदललं. वर्तमानपत्रात तशी सूचना आली होती, पण बाईसाहेबांनी वर्तमानपत्र उघडलंच नाही. जुन्या केंद्रावर जाऊन उभ्या राहिल्या आणि हातातली परीक्षा गेली. गोष्ट सांगणारा इथं थोडा थांबतो, समोरच्या पोरांकडे बघतो आणि म्हणतो, "आता कळलं, रोज वाचा म्हणून का सांगतो?"

ही गोष्ट पहिल्यांदा मी सांगितली. ती खोटी आहे, आणि खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी आता शहात्तर वर्षांचा आहे. माझ्याभोवतीच्या बऱ्याच जणांना वाटतं की या वयात माणसानं गप्प बसावं. मी बसणार नाही. ज्यांना वाईट वाटायचं त्यांना वाटू द्या.

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो आणि लातुरात स्थायिक झालो. आमच्या भागातल्या एका ट्रस्टनं मोकळा पडलेला हॉल अभ्यासिकेसाठी दिला होता. ट्रस्टचे अध्यक्ष माझ्या ओळखीचे. ते म्हणाले, "अण्णा, तुम्हाला फायली लावायची सवय हाय. ही पोरं बी लावा वळणाला." मी लगेच हो म्हणालो. मी स्वतः तरुणपणी दोनदा ही परीक्षा देऊन दोनदा नापास झालो होतो, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

हॉलमध्ये चाळीस खुर्च्या होत्या. येणारी मुलं बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची, लातूर-नांदेडच्या खेड्यांतली. मी नियम केले. सकाळी सातला हजेरी. बोलायचं ते बाहेर. मोबाईल आत न्यायचा नाही. कचेरीतून लिलावात काढलेलं एक लोखंडी कपाट मी आणलं होतं, त्यात खणांना नंबर टाकले, आणि आल्या-आल्या प्रत्येकानं आपला फोन आपल्या खणात ठेवायचा. किल्ली माझ्या कमरेला. पोरं त्या कपाटाला लॉकअप म्हणायची. दुपारी एखादा दात काढत यायचा, "सर, आमच्या आरोपीला जरा जामीन द्या की. घरी फोन करायचाय." मी घड्याळ बघून पाच मिनिटं द्यायचो.

या कपाटाबद्दल मला आजही लाज वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हातात फोन घेऊन राज्यघटना पाठ होत नाही. जे म्हणतात होते, त्यांनी करून दाखवावी.

लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मुलांनी चालू घडामोडींसाठी वर्तमानपत्र वाचलं पाहिजे हे मला मान्य होतं, पण पूर्ण वर्तमानपत्र हॉलमध्ये टाकलं की काय होतं ते मी पहिल्या दोन महिन्यांत पाहिलं. एकजण क्रिकेटचं पान पळवतो, दुसरा सिनेमाचं, आणि उरलेले पुढाऱ्यांच्या भांडणावरून आपसात हुज्जत घालत बसतात. म्हणून मी बेत केला. पहाटे चार वर्तमानपत्रं माझ्या घरी यायची. मी चहा घेत ती वाचायचो, परीक्षेला उपयोगी ते लाल पेन्सिलीनं आखायचो, कात्रीनं कापायचो आणि जुन्या पाठकोऱ्या कागदांवर खळीनं चिकटवायचो. खळ बायको शिजवून द्यायची, ज्वारीच्या पिठाची. मग ती कात्रणं नेऊन हॉलमधल्या तारेवर चिमट्यांनी लावायचो. शेती, पाणी, घटना, अर्थकारण, आंतरराष्ट्रीय, असे पाच भाग. संध्याकाळी ती उतरवून फायलीत. पोरांची दोन तासांची कटकट वीस मिनिटांवर आली. दुसऱ्या अभ्यासिकांतले लोक बघायला येऊ लागले. मला ते आवडायचं.

बायको मात्र म्हणायची, "जाळी पडलेला पेपर वाचायलाव मी. बातमीचं तोंड हाय तर बूड न्हाई." उरलेलं ती फडताळात अंथरायची.

ती मुलगी नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून आली होती. मामाच्या ओळखीनं लातुरात तिघींबरोबर खोली घेऊन राहायची. खिडकीजवळची खुर्ची तिची. वडील अधूनमधून यायचे, सोबत शेंगांची पिशवी. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "सर, दोन वर्सं दिलेत हिला. त्याच्या पुढं भावकी मला बोलू देणार न्हाई." मी म्हणालो, "दोन वर्षं पुरतील." कारण पोरगी तशीच होती. तारेवरचं प्रत्येक कात्रण ती वाचायची आणि उभ्या-उभ्या लहान वहीत टिपण काढायची. माझ्या निवडीबद्दल ती सोडून कुणी कधी बोललं नाही. एकदा ती म्हणाली, "सर, कवा कवा पुरा पेपर मिळंल का वाचायला?"

"कशाला?"

"असंच. काय काय चाललंय ते कळतं."

"काय चाललंय ते कळून तहसीलदार होता येत नाही," मी म्हणालो. "उपयोगाचं तेवढं तारेवर असतं. बाकीचा कचरा मी तुझ्या वाटचा वाचून टाकलाय."

हॉल हसला. तीही हसली आणि खुर्चीवर जाऊन बसली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

पहिल्याच वर्षी ती पूर्वपरीक्षा पास झाली. आमच्या हॉलमधून पाचजण पास झाले होते. बाकी चौघांचं मुख्य परीक्षेचं केंद्र लातूर. तिनं अर्जात आपला जिल्हा म्हणून नांदेड टाकलं होतं. शेवटच्या पंधरा दिवसांत मी नियम आणखी कडक केला. पाचही जणांचे फोन पूर्ण वेळ कपाटात, घरी बोलायचं तर माझ्या फोनवरून. परीक्षेच्या दोन दिवस आधी ती गावाकडे निघाली, तिथून सकाळच्या एसटीनं नांदेडला जायचं ठरलं होतं. तिनं फोन मागितला.

"परीक्षा झाल्यावर घेऊन जा," मी म्हणालो. "आत्ता नेलास तर गावच्या आत्या-मावश्या आशीर्वाद देऊन देऊन तुझं डोकं खातील."

"ते बी खरं हाय," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून गेली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तिनं आणि तिच्या वडिलांनी सांगितलं ते लिहितो. तिच्या हातातल्या प्रवेशपत्रावर तरोड्याकडच्या एका शाळेचं नाव होतं. ती आणि वडील तासभर आधी तिथं पोचले. फाटकाला कुलूप. बाजूला एक कागद डकवलेला, इमारतीच्या दुरुस्तीमुळे केंद्र बदलून सिडकोकडच्या शाळेत नेलं आहे. म्हणजे शहराचं दुसरं टोक, गोदावरीच्या पलीकडे. रिक्षा मिळाली, पण वाटेत गर्दी लागली. ते पोचले तेव्हा आत घ्यायची वेळ होऊन सात-आठ मिनिटं झाली होती. फाटकावरच्या माणसानं तिचं काही ऐकलं नाही, आणि त्याला मी दोष देत नाही. पहिलाच विषय बुडाला म्हणजे सगळीच परीक्षा बुडाली. वडील तिथं रस्त्याच्या कडेला बसून राहिले. ती उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष हॉलवर आले. त्यांना बातमी लागली होती. हातात त्यांच्या घरी येणारं वर्तमानपत्र, आठवडाभरापूर्वीचं. "हे बघा अण्णा. मराठवाड्याच्या पानावर चौकटीत आलंय, केंद्रात बदल. आपण हे घेतो की अभ्यासिकेत." मी ते हातात घेतलं. चार ओळींची चौकट होती. मी पान उलटलं. मागच्या बाजूला बरोबर त्या जागी पाणीवाटपावरचा लेख होता. तो लेख मी कापला होता, पाठीला खळ लावून कागदावर चिकटवला होता आणि 'पाणी' या भागात दोन दिवस लावून ठेवला होता. खूप चांगला लेख म्हणून मी मुलांना तो दोनदा वाचायला लावला होता.

मी कापताना मागची बाजू कधी बघायचो नाही. चार वर्तमानपत्रांत मिळून वीस-बावीस तुकडे कापायचे, प्रत्येकाची पाठ कोण बघतो. उपयोगाचं असतं ते पुढं असतं, असं मी धरून चाललो होतो.

अध्यक्ष म्हणाले, "चार चार पेपर घेतो आपण, अन् एवढं दिसलं न्हाई तिला. पोरगी बेफिकीरच निघाली म्हणायची."

मी म्हणालो, "हो ना."

एवढंच बोललो मी. हे दोन शब्द लिहिताना मी काही सबबी शोधून पाहिल्या. मी घाबरलो होतो, अभ्यासिका बंद पडली असती, उरलेल्या चौघांची परीक्षा चालू होती. यातली एकही चालत नाही. माझं नाव खराब होऊ नये म्हणून मी हो म्हणालो.

अध्यक्ष गेल्यावर मी फायलीतून ते कात्रण काढलं, घरी नेलं आणि मोरीत पाण्यात भिजवलं. खळ सुटली. चौकटीतली अक्षरं फुगली होती, पण वाचता येत होती. वाळल्यावर तो कागद मी पाणी तापवायच्या बंबात घातला. हजेरीच्या रजिस्टरला शेऱ्याचा रकाना असायचा. तिच्या नावापुढे मी लिहिलं, 'निष्काळजी. केंद्रबदलाची सूचना वाचली नाही.' आणि सही केली. कचेरीतली जुनी सवय. एकदा शेरा पडला की तो खरा होतो.

आठ दिवसांनी ती पुस्तकं आणि फोन न्यायला आली. मी किल्ली काढून तिचा खण उघडला. फोन बंद पडला होता, तिनं तो तिथंच भिंतीला लावून चालू केला. केंद्र बदलल्याचा संदेश त्यावरही आलेला होता. तिनं तो मला दाखवला. आवाज चढवला नाही.

"मेसेज आला होता सर. फोन इथं होता."

"मेसेजचं सोड," मी म्हणालो. "वर्तमानपत्रातही आलं होतं."

"सगळे तेच म्हणून राहिले. पण मला कसं दिसलं न्हाई? तारेवरचं एक बी मी सोडत न्हवते."

ती खरंच विचारत होती. टोमणा मारत नव्हती. तिला वाटत होतं की सरांना माहीत असेल. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. हॉलमध्ये कुणी नव्हतं, मुलं जेवायला गेली होती.

मी म्हणालो, "तुझं लक्ष नव्हतं. डोळ्यांपुढून गेलं असेल. असं होतं कधी कधी, मन दुसरीकडे असलं की."

ती थोडा वेळ तारेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आसंल." खाली तिचे वडील पोतं घेऊन उभे होते. पुस्तकं त्यांनी खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वाचायला ठिवली होती सर तुमच्याकडं, अन् वाचायचंच राहून गेलं." मी किल्ली परत कमरेला लावली.

दुसऱ्या वर्षीही तिला बसता आलं असतं. ती आली नाही. पुढे कळलं, लग्न करून उदगीरला दिली.

नव्या मुलांची पहिली सभा जूनमध्ये असायची. त्या वर्षी मी तिची गोष्ट सांगितली. का सांगितली, याचं उत्तर माझ्याकडे आहे. खोटं एकदा बोललेलं टोचत राहतं, पन्नासदा बोललं की टोचत नाही. हॉल एकदम शांत झाला होता. मला समजलं की गोष्ट लागू पडते. मग दर वर्षी सांगू लागलो. तिथली पोरं पुढे स्वतः क्लास चालवू लागली, त्यांनी नेली. लातूरची गोष्ट नांदेडला गेली. माझं नाव झालं, शिस्तीचे सर म्हणून. चार-पाच शाली घरात पडून आहेत.

गेल्या वर्षी नांदेडच्या एका मोठ्या अभ्यासिकेनं मला कार्यक्रमाला बोलावलं. तिथले प्राध्यापक तरुण आणि बोलायला फार चांगले. माझ्या स्वागतातच त्यांनी ती गोष्ट काढली. मी ऐकत होतो. आता त्या मुलीच्या कानाला सारखा फोन लागलेला होता. पलीकडे एक मुलगा होता. "आणि हे आपले सर," त्यांनी माझ्याकडे हात केला, "तिला रोज सांगायचे, बेटा, पेपर वाच. आणि ती म्हणायची, हाव सर, वाचते ना सर." त्यांनी तिचा आवाज काढून दाखवला, मान वेळावून. दोनशे मुलं हसली. मुलीसुद्धा हसल्या.

माझ्या गळ्यात हार होता. मी तो काढून टेबलावर ठेवला, बोलायची पाळी आली तेव्हा तब्येतीचं कारण सांगितलं आणि निघून आलो. तिथंच बोलायला हवं होतं, पण तिला न विचारता तिच्याबद्दल पुन्हा जाहीर बोलायचा हक्क मला नव्हता, हे एक. आणि धीर झाला नाही, हे दुसरं.

चार दिवसांनी मी उदगीरला गेलो. पत्ता शोधायला वेळ लागला नाही. कॉलेजच्या रस्त्याला तिचं दुकान आहे, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं. बाहेर भिंतीवर भरतीच्या जाहिराती डकवलेल्या. आत ती संगणकासमोर, पुढ्यात एक मुलगा प्रमाणपत्रं घेऊन बसलेला. तिनं मला लगेच ओळखलं.

"या सर. बसा. दोन मिनिटं, याचं संपवते." मग त्या मुलाला, "नाव आधारवर हाय तसंच घाल म्हणलं की नाही? परत बघ. परत एकदा." तो म्हणाला, "ताई, तीनदा बघितलो." ती म्हणाली, "चारदा बघ. तुझ्या बापाचं काय जातंय."

मुलगा गेल्यावर तिनं चहा सांगितला. मी म्हणालो, मी तुझ्या त्या परीक्षेबद्दल आलोय. ती हसली.

"म्हणजे ती गोष्ट. सर, वर्षाला दोन-चार पोरं तरी मला माझीच गोष्ट सांगतेत. ताई, तुम्हाला नांदेडच्या बाईचं माहीत हाय का, म्हणून."

"तू काय म्हणतेस?"

"फोटो आणलाव का म्हणते. सही आणलाव का म्हणते. काय म्हणू?"

मी सांगितलं. पाणीवाटपाचा लेख, मागची चौकट, अध्यक्षांना दिलेलं उत्तर, बंब, शेरा. क्रमानं, काही न गाळता. ती ऐकताना टेबलावरचे कागद सारखे करत होती. मग ते करायचं थांबली.

"त्या लेखाचं टिपण काढलं होतं मी," ती म्हणाली. "समन्यायी पाणीवाटप. दीड पान."

"हो."

"म्हणजे मी वाचलं होतं सगळं."

"तू सगळं वाचलं होतंस."

बाहेरून कुणीतरी झेरॉक्सला हाक मारली, तिनं "थांब" म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "गॅस बंद केला का, ते मी दोनदा जाऊन बघते. कडी लावली का, दोनदा. पोराच्या शाळेची डायरी दोनदा. नवरा हसतो. मी त्याला म्हणते, माझ्या डोळ्यातच खोट हाय, माझ्यासमोरचं मला दिसत न्हाई. तुम्ही सांगितलं होतं ना सर तसं. बारा वर्सं झाले."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "माफ कर असं म्हणायलाही..."

"ते ठेवा तुमच्याकडंच," ती म्हणाली. "माझी माफी मागून तुम्ही घरला जाऊन झोपणार. माझे वडील गेले तीन वर्सांखाली. जाईपर्यंत म्हणायचे, पोरगी हुशार होती पण ध्यान न्हवतं. त्यांना कोण सांगणार?"

तिनं पुढ्यातले कागद बाजूला सारले.

"ज्यांना ज्यांना सांगितलाव त्यांना जाऊन सांगा. लातूरला सांगा, नांदेडला सांगा. एकेका ठिकाणी जाऊन. अन् जाऊन आलाव की मला फोन करायचा. माझं नाव सांगायचं न्हाई, मला दुकान चालवायचंय. पण बेफिकीर न्हवती, हे सांगायचं."

तिचा नंबर तिनं माझ्या डायरीत स्वतः लिहिला, आणि लिहून झाल्यावर आकडे पुन्हा एकदा बोट ठेवून तपासले.

लातूरला परतल्यावर पहिल्यांदा अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मोठा माणूस, रागावले नाहीत.

"अण्णा, झालं ते झालं. आता हे उकरून कुणाचं भलं होणार? त्या गोष्टीनं पोरं वाचायला लागली, हे तर खरं हाय ना?"

"गोष्ट खोटी आहे."

"पुरावा काय?"

"पुरावा मी जाळला. म्हणूनच तर मला सांगावं लागतंय, दुसरं कोण सांगणार."

"लोक म्हणतील म्हातारं बहकलं."

"म्हणू द्या."

"मग आमच्या हॉलमध्ये नको," ते म्हणाले. "ट्रस्टचं नाव येतंय त्यात."

मी रजिस्टर मागितलं. तेवढं त्यांनी दिलं. तिच्या नावापुढचा शेरा मी एका रेघेनं खोडला, वाचता येईल असा, आणि खाली लिहिलं, 'वरील शेरा खोटा आहे. सूचना मीच कापून टाकली होती.' सही केली, तारीख घातली. कचेरीत दुरुस्ती अशीच करतात.

हॉल मिळाला नाही तर नाही. चारच्या चहाला सगळ्या अभ्यासिकांतली पोरं कोपऱ्यावरच्या हॉटेलासमोर येतात. मी तिथं उभा राहिलो आणि म्हणालो, पोरांनो, दहा मिनिटं द्या, ती नांदेडच्या मुलीची गोष्ट तुम्ही ऐकलीय ती कशी घडली ते सांगतो. अर्ध्यांनी ऐकलं. एकजण म्हणाला, "आजोबा, व्हिडिओ काढू का?" मी म्हणालो, "काढ." एक शहाणा म्हणाला, "मग सर, पेपर वाचायचा का न्हाई, ते सांगा की." मी त्याला सांगितलं, वाच, आणि पूर्ण वाच, दुसऱ्यानं तुझ्यासाठी निवडलेला वाचू नकोस. क्रिकेटचं पान आलं तर उलटायचा धीर धर. तो धीर तुला नसेल तर मी कापून देऊनही उपयोग नाही. हे मला माझ्या चाळीस खुर्च्यांना सांगता आलं असतं. मी त्यांच्यावर भरवसा ठेवला नाही.

त्या व्हिडिओवर बरंच काही लिहून आलं म्हणतात. एका क्लासवाल्यानं फोन करून मला सुनावलं की तुम्ही शिस्तीचा बाजार उठवला. मी त्याला म्हणालो, शिस्त ठेवा, खोटं सोडा. दिवाळीपर्यंत लातूरच्या बहुतेक अभ्यासिका झाल्या. काहींनी दारातून परत पाठवलं, मी दारात बोललो. पायऱ्या चढून गुडघे बेजार झाले. त्याचं विशेष नाही.

नांदेडच्या त्या प्राध्यापकांनी आधी वेळच दिली नाही. मी सकाळी सातला जाऊन त्यांच्या जिन्यात बसलो. नऊ वाजता ते आले. म्हणाले, "सर, तुम्ही असं का करून राहिलेत? मी तर तुमचा मानच वाढवला होता."

"तिचा किती घटवला ते सांगायला आलोय."

त्यांनी दहा मिनिटं दिली. तोच हॉल, तेवढीच मुलं. मी सांगितलं. फोनवरचा मुलगा कधी नव्हताच हेही सांगितलं, आणि ते सांगताना प्राध्यापकांकडे बघितलं. कुणी हसलं नाही. मी खाली बसणार तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, पण त्यांना अजून संधी होती ना? मग त्यांनी परत परीक्षा का न्हाई दिली?"

एवढ्या अभ्यासिका झाल्या, हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर माझ्याजवळ तयार होतं. दोन वर्षांची मुदत, भावकी, लग्न. मी सुरुवातही केली, "घरच्यांनी..." आणि थांबलो. मुदतीतलं एक वर्ष शिल्लक होतं. तिच्या वडिलांनी मला सर म्हणून शेंगा आणून दिल्या होत्या, मी एकदा नायगावला गेलो असतो तर त्यांनी आणखी एक वर्षही दिलं असतं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "केंद्र चुकलं ती एक परीक्षा होती, दुसरी देता आली असती. पण तिनं मला विचारलं की मला कसं दिसलं नाही, आणि मी सांगितलं की तुझं लक्ष नसतं. तिचा माझ्यावर विश्वास होता. तिनं ते खरं धरलं. ज्याचं लक्षच नसतं असा माणूस पुन्हा कशाला परीक्षा देईल?"

ती मुलगी उभीच होती. म्हणाली, "मग हे बी सांगत जा सर. हे तुम्ही आत्ता सोडलं होतं."

प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. मी खाली उतरलो.

बसस्टँडवरून उदगीरला फोन लावला. ठरल्याप्रमाणे काय बोललो, किती मुलं होती ते सांगितलं. मग त्या मुलीचा प्रश्न सांगितला आणि माझं उत्तरही. पलीकडे झेरॉक्सचं यंत्र चालू होतं, ते थांबलं.

"हे त्या दिवशी दुकानात बोलला न्हाईत तुम्ही," ती म्हणाली.

"तेव्हा मला कळलं नव्हतं."

यंत्र पुन्हा सुरू झालं. मग तिनं विचारलं, "नांदेडच्या किती राहिल्या?"

"सहा. शिवाय लातूरच्या ज्या झाल्या, तिथं हे सांगायचं राहिलंच."

"मग तिथं परत जावं लागंल."

"हो."

"लातूरचं नंतर बघा. आज नांदेडला मुक्काम करा, या सहा उरकून टाका."

लातूरची गाडी फलाटाला लागली होती. कंडक्टर ओरडत होता. मी पिशवी घेतली आणि शहरात परत जायला रिक्षा बघू लागलो.